उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली, तर चूक कोणाची?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ बचत गटांच्या कर्जवसुलीचं काम करतो आणि रोज मोटारसायकलवर पाच-सहा गावं फिरतो. नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमारास कळंब-राळेगाव भागातल्या एका रस्त्यावर कापसानं भरलेली ट्रॉली टायर बसल्यामुळे उभी होती. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. भाऊ मागून आदळला. मांडीचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले. हेल्मेट होतं, पण हँडलच्या आरशाला अडकवलेलं. गावात लोक म्हणतात, ‘पोट्टं जोरात होतं, दुसरं काय.’ वडील म्हणतात, सगळा दोष ट्रॉलीवाल्याचा, त्याला सोडायचं नाही. आणि तुम्ही विचारता की यात खरं कोणाचं, आणि पाय बरा झाल्यावर भावाला पुन्हा गाडीवर बसू द्यायचं का.

तालुक्याच्या गावी माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बियाणं कंपन्या, पतसंस्था, दूध संकलन अशा फिरतीच्या कामावरच्या मुलांना गाडी सांभाळून चालवायलाही मी शिकवतो. अपघातातल्या गाड्या ठाण्यातून सुटल्या की आमच्यासारख्यांकडे येतात, आणि गाडी पुष्कळ काही सांगते. टायर कुठं घासला, मागचं चाक जाम होऊन फरफटलं का, पुढचे ब्रेक शू किती उरले होते, हेडलाइटचा रोख जमिनीकडे होता की झाडाकडे. हे सगळं बघून माझं मत असं बनलं आहे की दोष कोणाचा आणि आपल्या हातात काय, हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि आपण ते नेमके उलट्या वेळी मांडतो. गाडी चालवताना आपण दुसऱ्याच्या शहाणपणावर विसंबतो. ट्रॉलीवाल्यानं दिवा लावलाच असेल, समोरचा डिपर देईलच, ढोरं गोठ्यात गेली असतील. आणि अपघात झाला की पडलेल्यालाच धरतो. जोरात असेल, प्यायला असेल, मोबाइल बघत असेल. व्हायला हवं याच्या उलट. हँडल हातात आहे तोवर सगळं आपल्यावर घ्यायचं, आणि अपघातानंतर ज्याचा जितका वाटा, तितका त्याच्याकडून मागायचा.

तुमच्या भावाच्या त्या रात्रीचंच गणित करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. अंधारात समोर काहीतरी आहे हे दिसणं, ती उभी ट्रॉली आहे हे डोक्यात शिरणं आणि हातपाय ब्रेकवर जाणं, याला दीड सेकंद धरा. तेवढ्यात २५ मीटर गेले. मग कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर थांबायला आणखी २३ मीटर. एकूण ४८. आता १०० सीसीच्या गाडीच्या डिपरमध्ये, म्हणजे खाली वळवलेल्या लाइटमध्ये, मातकट रंगाची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली ३५ मीटरवर दिसली असं समजू. हेडलाइटच्या काचेवर धूळ असेल तर त्याहूनही जवळ आल्यावर दिसते. म्हणजे ब्रेक लागायला दहाच मीटर उरले, आणि आदळताना गाडीचा वेग अजून ताशी ४५ च्या आसपास होता. सुरुवातीचाच वेग ४५ असता तर? दीड सेकंदात १९ मीटर, थांबायला १३, एकूण ३२. गाडी ट्रॉलीच्या तीन मीटर अलीकडे उभी राहते. दहा किलोमीटरच्या रस्त्याला ६० ऐवजी ४५ नं गेल्यास साडेतीन मिनिटंही जास्त लागत नाहीत.

आता तेच गणित दुसऱ्या बाजूनं करू. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर चांगली लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी असती तर ती शंभर मीटरवरून चमकली असती आणि ६० नं येणारा तुमचा भाऊही निम्म्या अंतरात थांबला असता. रिफ्लेक्टर लावणं नियमानं बंधनकारक आहे, ती काही मेहरबानी नाही. बंद पडलेलं वाहन लोकांना धोका होईल अशा अवस्थेत रस्त्यावर सोडू नये, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या गणितातला ३५ हा आकडा ट्रॉलीवाल्याच्या हातात होता आणि ६० हा भावाच्या. दोघांपैकी एकानं जरी आपला आकडा बदलला असता, तरी हाड मोडलं नसतं.

म्हणूनच ‘पोट्टं जोरात होतं’ एवढ्यावर विषय मिटवलेला मला खपत नाही. सरकारी आकडेवारीतही हीच खोड आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. मृत्यूंची कारणं बघितली तर ७१.२ टक्के ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात, आणि खड्ड्यांमुळे १,८५६. अतिवेग खोटा आहे असं मी म्हणत नाही, तो खरोखरच मोठा मारेकरी आहे. पण पंचनामा करणाऱ्यापुढे पडलेली गाडी आणि पडलेला माणूस असतो. साइडपट्टीचा खोल काठ, वळणावरची सुटी गिट्टी, सकाळपर्यंत हलवलेली ट्रॉली यांची नोंद कोण करतो? जे लिहिलं जात नाही ते दुरुस्तही होत नाही.

परदेशातला एक जुना अभ्यास मी मुलांना नेहमी सांगतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात मोटारसायकलच्या ९०० हून जास्त अपघातांचा जागेवर जाऊन तपास झाला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. सुमारे तीन-चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झाले होते, आणि त्यातल्या दोन-तृतीयांश ठिकाणी चूक दुसऱ्या वाहनवाल्याची होती. रस्त्याच्या दोषाचा वाटा तिथं दोन टक्के निघाला, जनावरांचा एक. हे आकडे तिकडच्या रस्त्यांचे आहेत. रोही (नीलगाय), रानडुकरं आणि पांदणीतून येणारा चिखल ज्यांच्या वाट्याला आहे त्यांनी ते उचलून आपल्याकडे लावू नयेत. पण त्याच अहवालातल्या दोन गोष्टी आपल्यालाही लागू पडतात. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत चालवणाऱ्याला दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळत होता. आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक फरफटवलं, पुढचा मात्र पुरेसा वापरलाच नाही. चूक दुसऱ्याची होती, तरी स्वतःला वाचवण्याचं निम्मं साधन वापराविना राहिलं.

आपल्याकडे पुढच्या ब्रेकची भीती तर घरातूनच मिळते. ‘पुढचा ब्रेक मारला की गाडी उलटते’ हे वाक्य मुलगा गाडी शिकायच्या आधी ऐकतो. ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरावर थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो. तो झटक्यात मारायचा नसतो, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्यायचा असतो. गाडी सरळ, हँडल सरळ, नजर दूर. बाजार समितीचं आवार रिकामं असेल त्या दिवशी तिथं जाऊन आधी ताशी २० वर, मग ३० वर, मग ४० वर हा सराव करा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा पहिला पूर्ण तास यातच जातो, आणि माझ्या मते एवढा एक तास जरी प्रत्येकाला मिळाला तरी हाडाच्या डॉक्टरांचं काम कमी होईल. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेकमध्ये चाक जाम होऊ न देणारी सोय, आणि त्याखालच्या गाड्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण गावात निम्म्या गाड्या त्याआधीच्या आहेत, आणि सीबीएसची तार ढिली पडली तर ती असून नसल्यासारखी.

सुट्या जागी मात्र हा नियम फिरतो, आणि विदर्भात सुटी जागा कुठं आणि कधी येईल हे हंगाम ठरवतो. जूनच्या पहिल्या सरीत डांबरावरची धूळ आणि तेल मिळून रस्ता निसरडा होतो. तास-दोन तास चांगला पाऊस पडून तो धुतला जाईपर्यंत वेग निम्मा ठेवा. जुलैपासून ट्रॅक्टर वावरातून निघतात आणि चाकांना चिकटलेली काळी माती शंभर-दोनशे मीटर रस्त्यावर टाकत जातात. ओल्या काळ्या मातीवर चांगला टायरही तग धरत नाही. हीच माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता लाटा धरतो. अशा लाटांवर वेगात गेलेल्या गाडीचं पुढचं चाक हलकं पडतं. ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत असतं, भंडारा-गोंदियाकडे धान, पुढे तूर. दाण्यांपेक्षाही त्याच्याभोवती लावलेले दगड वाईट. माल भरून कास्तकार घरी जातो, दगड तिथंच राहतात, आणि रात्री ते कोणालाच दिसत नाहीत. दाणे, गिट्टी, चिखल किंवा कुटार (मळणीचा भुसा) चाकाखाली आलं की पुढचा ब्रेक सोडून द्यायचा, हँडल वळवायचं नाही, गिअरमध्येच वेग उतरू द्यायचा आणि मागचा ब्रेक हलक्या पायानं वापरायचा. हे सगळं त्या जागेवर पोहोचायच्या आधी व्हायला हवं. दाण्यांवर गेल्यावर करायला फार थोडं उरतं.

कापसाचा हंगाम वेगळाच. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर फुगलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा मागचा दिवा असला तरी झाकला जातो, आणि ट्रॉलीची रुंदी कळत नाही. समोरून एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकल आहे असं धरू नका. एका दिव्याचा ट्रॅक्टर असू शकतो, आणि त्याची फुगलेली ट्रॉली तुमच्या बाजूला आलेली असू शकते. वणी, घुग्घुस, चंद्रपूर या पट्ट्यात कोळशाचे ट्रक आणि एटापल्ली-आलापल्लीकडे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक यांच्या मागे धुळीत राहणं म्हणजे समोरचं काहीच न दिसता चालवणं. तिथं ओव्हरटेकची घाई करण्यापेक्षा मागे इतकं अंतर सोडा की धूळ तुमच्यापर्यंत येईतो खाली बसेल.

जनावरांचं सांगतो. रोही रस्त्याकडेला उभा दिसला तर तो थांबलाय असं समजू नका. तो गाडी जवळ आल्यावर झेप घेतो. रानडुकरांचं एक गेलं की मागे कळप असतो. टिपेश्वरच्या किंवा ताडोबाच्या आसपासच्या गावांतले लोक हे जाणतात, पण आता धुऱ्याधुऱ्याला डुकरं आहेत, जंगल लागत नाही. दिवस मावळल्यापासून दोन-तीन तास आणि पहाटे, हा त्यांचा वेळ, आणि नेमका हाच दूध घालणाऱ्यांचा, शाळा-कॉलेजातून परतणाऱ्यांचा आणि वसुलीवरून घरी निघालेल्यांचाही वेळ. जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. त्याला चुकवायला गाडी वळवली की माणूस झाडावर, पुलाच्या कठड्यावर किंवा समोरच्या ट्रकखाली जातो. जनावराला धक्का लागून झालेली इजा बहुतेक वेळा त्यापेक्षा कमी असते.

साइडपट्टीचा काठ हा गावाकडचा असा धोका आहे ज्याच्याबद्दल कोणी शिकवतच नाही. रस्त्यावर थरावर थर चढतो किंवा सिमेंटचा रस्ता होतो, पण बाजूचा मुरूम भरला जात नाही, आणि मध्ये वीतभर खोल पायरी तयार होते. समोरून बस आली, आपण खाली उतरलो, आणि लगेच तिरकं वर चढायला गेलो की पुढचं चाक काठाला घासत राहतं, वर चढत नाही, आणि गाडी आडवी होते. खाली गेलात तर खालीच राहा. वेग चालण्याइतका होऊ द्या, मग जागा बघून काठाला जमेल तितकं काटकोनात चाक लावून वर या. पावसात रपट्यावरून पाणी जात असेल तर वाट बघा, मग कोणी काहीही म्हणो. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुरात एसटी बस वाहून गेली होती. मोटारसायकलचं वजन तिच्यापुढे काय.

आता गाडीची बाजू, कारण इथं बाहेरच्या कोणाचाही संबंध नाही. आठवड्यातून एकदा सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. उन्हाळ्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कमी हवेचा, जुना, भेगाळलेला टायर जास्त तापतो आणि फुटायचा धोका वाढतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालं असेल तर तो ओल्या रस्त्यावर धरत नाही. चेन ढिली, कोनसेट (हँडलचं बेअरिंग) घासलेला, शॉकअपमधून तेल गळतंय, या तिन्ही गोष्टी सरळ रस्त्यावर कळत नाहीत, अचानक ब्रेक मारल्यावर कळतात. आणि हेडलाइट. मागे माणूस किंवा पोतं असलं की मागची बाजू बसते आणि लाइट वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपला रस्ता अंधारात राहतो. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून, मागे रोजच्याइतकं वजन ठेवून लाइटचा रोख लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणताही चांगला मिस्त्री ते करून देतो.

हेल्मेटबद्दल वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. जगभरातले अभ्यास एकत्र तपासले तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसतं. २०२२ मध्ये आपल्या देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि मागे बसणारे मेले. जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळतं, म्हणून घेताना मार्क बघा. मे महिन्यात ते नकोसं होतं हे मला मान्य आहे, मीही याच उन्हात फिरतो. पांढरं किंवा फिकट हेल्मेट घ्या, आत पातळ सुती रुमाल बांधा, हवेची भोकं बुजू देऊ नका, आणि पट्टा लावा. बिनपट्ट्याचं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पडतं. तुमच्या भावाचं कपाळ फुटलं ते हेल्मेट आरशाला लटकत असल्यामुळे. एवढा भाग पूर्ण त्याचा आहे, तो ट्रॉलीवाल्यावर टाकू नका.

दारूचंही तसंच. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, म्हणून माणसं हद्दीपलीकडे जाऊन पितात आणि रात्री अनोळखी झालेल्या रस्त्यानं परततात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. माझी मर्यादा शून्य आहे आणि मी मुलांनाही तीच सांगतो.

मागे बसणाऱ्यांचा विचार तर फारच कमी होतो. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई रंग न दिलेल्या गतिरोधकावरून उडून पडते, आणि तिच्या पडण्याला अपघात म्हणायलाही कोणी तयार नसतं. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगानं सुरक्षित जाता यावं म्हणून. आपल्या गावातला, कोणाच्या तरी लेकराला गाडी लागल्यावर एका रात्रीत सिमेंट ओतून केलेला उंचवटा, या मापाचा नसतो. ज्यांनी तो केला त्यांची कळकळ खरी आहे, पण तो दुसऱ्या कोणाचं तरी डोकं फोडतो. मागच्या चाकाला साडीगार्ड, धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट, हे केंद्रीय नियमात आहे. जुन्या गाडीचं साडीगार्ड काढून टाकलं असेल तर ते पुन्हा बसवा. पदर किंवा ओढणी चाकात गेल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि ते इथं लिहिणार नाही.

इथून पुढे दुसरा हिशेब. रस्त्याचा दोष दाखवला की लोक म्हणतात, ‘सरकारला कोण विचारणार.’ विचारायची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण दोष फक्त चालवणाऱ्याचा नसतो हे कायद्यानं मान्य केलं, याला मी महत्त्व देतो. आणि होत नाही असं कोणी सांगू नये. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला. जिथं हे होऊ शकतं तिथं गावच्या रस्त्याची साइडपट्टी भरणंही होऊ शकतं. खड्डा, काठ, खोदून उघडी ठेवलेली मोरी दिसली की जागेचा खुणेसह फोटो काढा, तारीख घाला, ग्रामपंचायतीला आणि ज्या विभागाचा रस्ता त्याला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. पुढे काही घडलं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं त्यांना म्हणता येत नाही.

तुमच्या वडिलांना मात्र एक गोष्ट नीट समजावून सांगा. ट्रॉलीवाल्यावर दावा करणं म्हणजे त्याच्याशी वैर धरणं नव्हे. तोही तुमच्यासारखाच कास्तकार असणार, आणि हंगामाच्या मधे भरल्या ट्रॉलीचा टायर बसल्यावर त्याची काय अवस्था झाली असेल हे आपण समजू शकतो. तिसऱ्या पक्षाचा विमा याचसाठी सक्तीचा आहे की जखमीला भरपाई मिळावी आणि तीसाठी कोणाला वावर विकावं लागू नये. ट्रॅक्टरचा विमा आहे का, ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि विमा आहे का, ही कागदपत्रं आधी तपासा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कोणाची चूक किती, हे वाटून दिलं जातं. भावाचा वेग काही अंशी कारणीभूत ठरला तर भरपाई तेवढ्या टक्क्यांनी कमी होते, पण दावा फेटाळला जात नाही. म्हणून वेगाबद्दल खोटं सांगायची गरज नाही, आणि सांगूही नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात असंही म्हटलं आहे की गाडीवर तिघे बसले होते एवढ्यावरून अपघाताला त्यांचा हातभार होता असं ठरत नाही, त्या तिघे बसण्याचा अपघाताशी संबंध दाखवावा लागतो. बघा, न्यायालयसुद्धा ‘नियम मोडला’ आणि ‘त्यामुळे अपघात झाला’ या दोन गोष्टी वेगळ्या धरतं.

भावाला रस्त्यावरून ज्यांनी उचललं त्यांची नावं साक्षीत यायला ते घाबरत असतील. त्यांना सांगा की कलम १३४अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि आपली ओळख द्यायची की नाही हे त्यांच्या इच्छेवर आहे. पुढे कोणावर अशी वेळ आली तर १०८ ला फोन करा, आणि मे २०२५ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात, हे रुग्णालयात पोहोचताच विचारा.

भावाला गाडीवर बसू द्यायचं का? द्या. वसुलीचं काम एसटीच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि घरात बसवून त्याची भीती जाणार नाही. डॉक्टरांनी पायावर पूर्ण वजन द्यायला परवानगी दिल्यावर आधी रिकाम्या जागेत ब्रेकचा सराव, मग काही आठवडे फक्त दिवसा. रात्री डिपरवर असताना ४५ ची मर्यादा त्यानं स्वतः घालून घ्यावी. समोर कोणी नसेल तेव्हा अप्पर लावावा. समोरून झगझगीत लाइट आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवून वेग आणखी उतरवावा. त्याच्या साहेबांशीही बोला. संध्याकाळी सहानंतर लांबच्या गावाची वसुली लावणं हा कंपनीनं निर्माण केलेला धोका आहे, आणि तो वेळापत्रक बदलून काढता येतो.

गाडी इतक्यात दुरुस्तीला टाकू नका. विम्याच्या सर्व्हेअरनं बघेपर्यंत फोर्क, रिम, हेडलाइट आहे त्या स्थितीत राहू द्या आणि चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ठाण्यातून एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत घ्या. ट्रॉलीला दिवा किंवा रिफ्लेक्टर नसल्याची नोंद पंचनाम्यात नसेल तर तसा लेखी जबाब आता द्या. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का ते विचारा. दावा दाखल करायला कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिने दिले आहेत. नोव्हेंबरपासून मोजा, आणि पाय बरा होण्याची वाट न बघता याच महिन्यात यवतमाळला वकिलांना भेटा.